थट्टेतून वसलेला मुलूख
(‘हॅलो फ्रॉम द मॅजिक टॅव्हर्न’ आणि त्यामागची मंडळी : ऐकू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना)

शिकागो शहरातल्या एका बर्गर किंगच्या पिछाडीला दुसऱ्या जगात उघडणारं एक भगदाड आहे. आर्नी नावाचा चारचौघांसारखा माणूस त्यातून पडतो, तो थेट फून नावाच्या मुलखात. तिथे जादूगार आहेत, बोलणारे प्राणी आहेत, सगळं राज्य गिळायला टपलेला एक काळोखाचा स्वामी आहे. परतीची वाट कुठे दिसत नाही. अशा वेळी माणूस रडेल, देवाचा धावा करेल, निदान एखादी तलवार तरी हुडकेल. आर्नी हॉग्सफेस नावाच्या गावी ‘व्हर्मिलियन मिनोटॉर’ या गुत्त्यात माइक मांडून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या मुलाखती घेऊ लागतो. बर्गर किंगचं वायफाय त्या भगदाडातून जेमतेम झिरपत असतं. त्याच्या जिवावर तो या मुलाखती दर आठवड्याला आपल्या जगात पाठवतो.

कथाबीज एवढंच. मार्च २०१५ मध्ये हा पॉडकास्ट सुरू झाला आणि वर्षामागून वर्षं चालत राहिला. आर्नीच्या टेबलाशी दोघे कायमचे सोबती आहेत. एक निळा जादूगार उसिडोर: स्वतःची बिरुदावली म्हणायला लागला की श्वास संपतो पण बिरुदं संपत नाहीत. दुसरा चंट: रूप बदलणारा प्राणी, बहुतेक वेळा बिज्जूच्या अवतारात, आणि बिज्जूंचा राजाही. आर्नीचं काम आर्नी नीकॅम्प करतो, म्हणजे स्वतःच्याच नावानं वावरतो. उसिडोर म्हणजे मॅट यंग आणि चंट म्हणजे अदाल रिफाई. तिघंही शिकागोच्या उत्स्फूर्त विनोदाच्या रंगमंचावर तयार झालेले.

आणि हा सगळा कारभार संहितेशिवाय चालतो. माइकसमोर बसल्यावर जे सुचेल ते बोलायचं. पुढची ओळ कोणाच्याच हातात नसते, कारण ती कोणी लिहिलेलीच नसते.

ही गोष्ट आधी नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण कानांनी बघायच्या नाटकाबद्दल आपल्या डोक्यात एक साखळी पक्की बसलेली आहे. लेखक लिहितो, दिग्दर्शक बसवतो, नट वाचतात, तंत्रज्ञ पावसाचा आणि दाराच्या कडीचा आवाज घालतो. आकाशवाणीच्या श्रुतिकांवर वाढलेल्या पिढीला हे सांगायला नको. विनोदी अद्भुताचा या माध्यमातला थोर पूर्वज म्हणजे डग्लस ॲडम्सची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’. ८ मार्च १९७८ ला ती बीबीसी रेडिओ ४ वर सुरू झाली, तीही याच साखळीतून. ॲडम्सकडून मजकूर वेळेवर मिळणं ही कठीण गोष्ट होती, पण मजकूर होता, आणि बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपनं त्याला आवाजांचं अंतराळ दिलं. पॉडकास्टच्या जमान्यात १५ जून २०१२ ला ‘वेलकम टू नाइट व्हेल’ आलं. वाळवंटातल्या एका चमत्कारिक गावाचं स्थानिक रेडिओ केंद्र अशी त्याची कल्पना. जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रेनर लिहितात, सेसिल बाल्डविन वाचतो. तिथलं प्रत्येक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं असतं. २०१४ मध्ये मॅकेलरॉय कुटुंबातले तीन भाऊ आणि त्यांचे वडील ‘द ॲडव्हेंचर झोन’ घेऊन आले. ते ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ माइकसमोर खेळतात. संहिता तिथेही नाही, पण फासे आहेत, नियमांची पुस्तकं आहेत, गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार आहे.

मॅजिक टॅव्हर्नमध्ये फासेसुद्धा नाहीत. मग या मंडळींना ‘सर्जनशील चमू’ म्हणायचं ते कशासाठी? तीन मित्र बसून टवाळक्या करतात, त्या मुद्रित होतात, यात रचना कुठे आली? प्रश्न वाजवी आहे. त्याचं उत्तर शोधायला त्यांच्या शहरात थोडं फिरून यावं लागतं.

वायोला स्पोलिन ही बाई शिकागोत हल हाउसच्या परिसरात शिकली. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये स्थलांतरितांच्या वस्तीत उभं केलेलं हे समाजकेंद्र. तिथे नेव्हा बॉइड यांनी खेळांतून शिकवण्याची पद्धत घडवली होती आणि स्पोलिन त्यांची विद्यार्थिनी. पुढे १९३९ ते १९४१ या काळात, मंदीत निघालेल्या सरकारी कामांच्या योजनेत, स्पोलिनवर नाटक शिकवण्याची जबाबदारी आली. समोर होती देशोदेशींच्या स्थलांतरितांची मुलं. एकमेकांची भाषा धड न समजणारी. त्यांना संवाद पाठ करायला लावण्यात अर्थ नव्हता. तिनं खेळ रचले. खेळाला एक छोटासा नियम असतो, आणि नियम पाळायच्या नादात मूल लाजायचं विसरतं. जगभर आज उत्स्फूर्त नाट्याचे जे वर्ग चालतात, त्यांच्या मुळाशी या वस्तीतल्या पोरांचे खेळ आहेत.

स्पोलिनचा मुलगा पॉल सिल्स. त्यानं आणि डेव्हिड शेपर्डनं १९५५ मध्ये शिकागो विद्यापीठाजवळ ‘कंपास’ नावाची मंडळी सुरू केली. माइक निकोल्स आणि इलेन मे ही विनोदी जोडी तिथलीच. कंपासचे प्रयोग कुठे होत, तर एका बारमध्ये. पेले खणखणताहेत आणि समोर चार माणसं काहीतरी जुळवून बोलताहेत, अशी त्या कलेची बालपणीची अवस्था. साठ वर्षांनी त्याच शहरातल्या नटांनी आपला काल्पनिक कार्यक्रम गुत्त्यात नेऊन बसवावा, हा योगायोग असला तरी गोड आहे. १६ डिसेंबर १९५९ ला ‘सेकंड सिटी’ उघडली. हे नाव म्हणजे न्यूयॉर्कच्या एका पत्रकारानं, ए. जे. लीब्लिंगनं, शिकागोला उद्देशून लिहिलेलं कुत्सित विशेषण. शिकागोकरांनी ते उचलून पाटीवर लावलं. अंगावर आलेला टोमणा बक्षिसासारखा मिरवायचा ही खोड त्या शहराची फार जुनी.

आणि मग डेल क्लोज. आयओ थिएटर १९८१ मध्ये सुरू झालं. तिथे चार्ना हाल्पर्नच्या साथीनं या गुरूनं तासतासभर चालणाऱ्या उत्स्फूर्त नाट्याची शिस्त घडवली. क्लोज हा शिकागोच्या विनोदवीरांचा अर्धा ऋषी, अर्धा वेताळ. १९९९ मध्ये तो वारला तेव्हा त्यानं इच्छापत्रात आपली कवटी गुडमन थिएटरला दिली होती, ‘हॅम्लेट’मधल्या यॉरिकच्या कवटीचं काम करायला. हाल्पर्नबाईंनी समारंभपूर्वक कवटी सुपूर्द केली. काही वर्षांनी वर्तमानपत्रानं शंका काढली आणि २००६ मध्ये बाईंनी कबूल केलं की कवटी क्लोजची नव्हेच, वैद्यकीय साहित्याच्या दुकानातून विकत आणलेली. क्लोजला हा शेवट आवडला असता असं त्याचे शिष्य म्हणतात. मला तर वाटतं, फूनचा कुठलाही नागरिक ही हकिकत ऐकून भुवईसुद्धा उचलणार नाही.

या परंपरेनं शिकवलेला पहिला धडा म्हणजे समोरच्यानं जे म्हटलं ते नाकारायचं नाही. तो म्हणाला की तू माझी आजी आहेस, तर तू आजी आहेस. आता कंबर दुखतेय म्हण, नातवाला दोन शब्द सुनाव, काहीही कर, पण आजीपण मोडू नकोस. त्यात आपली एक भर घाल आणि चेंडू परत दे. ऐकायला सोपं, करायला अतिशय अवघड, कारण माणसाचा पहिला आवेग ‘छे, तसं नाही’ म्हणण्याचा असतो.

शिकागोच्या अवतीभवती आणखी दोन झरे आहेत. तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनेव्हा नावाचं गाव आहे. शिकागोचे धनिक उन्हाळ्यात तिथे हवा खायला जात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये याच गावातून बाहेर पडला आणि जादूगार, बुटके, चेटकिणी ही मंडळी अमेरिकेच्या तळघरांत घरच्यासारखी राहू लागली. दुसरा झरा रेडिओचा. रोज दुपारी बायकांना स्वयंपाकघरात खिळवून ठेवणारी रेडिओ मालिका शिकागोचीच देणगी; अर्ना फिलिप्सची ‘पेंटेड ड्रीम्स’ १९३० मध्ये तिथल्या डब्ल्यूजीएन केंद्रावरून सुरू झाली. मॅजिक टॅव्हर्न थेट या झऱ्यांतून निघाला असं मी म्हणत नाही. पण खेळ, अद्भुत आणि रोजच्या आवाजाची सवय या तिन्ही गोष्टी ज्या मातीत मुरल्या आहेत, त्या मातीत तो उगवला हे खरं.

आता मूळ प्रश्नाकडे. उत्स्फूर्त नाट्याची सारी गंमत त्याच्या विरून जाण्यात आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतारी मंडळी हेच करतात. आख्यान ठरलेलं असतं, संवाद मात्र रंगमंचावर उभं राहिल्यावर सुचतात. कालच्या जत्रेत राक्षसानं काय टोला हाणला तो आज कोणाला बांधील नसतो. पहाट झाली, तोंडावरचा रंग पुसला, विषय संपला. शिकागोच्या मंचावरही तसंच. एखाद्या रात्री कोणी म्हणालं की चंद्र चिजचा आहे, तर त्या रात्रीपुरता तो चिजचा. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

मॅजिक टॅव्हर्नची पाटी कोरी होत नाही. बोललेलं मुद्रित होतं, जगभर पोचतं, आणि ऐकणारा माणूस ते पुन्हा लावून तपासू शकतो. चौथ्या भागात कोणीतरी घाईघाईत फेकलेलं विधान चाळिसाव्या भागात कायदा झालेलं असतं. चंटचंच पाहा. तो रूप कसं बदलतो? ज्या प्राण्याशी शेवटचा संग केला त्याचं रूप त्याला येतं. पहिल्यांदा ऐकताना ही निव्वळ वात्रट कोटी वाटते. पण नाकारायचं नाही हा नियम, आणि मुद्रण मागे लागलेलं. त्यामुळे ही कोटी चंटच्या कपाळी शरीरशास्त्र होऊन बसते. तो वेगळ्या रूपात गुत्त्यात शिरला की काय घडलं असणार हे श्रोत्याला न सांगता कळतं, टेबलावरचे दोघे अवघडतात, आणि एका जुन्या वाह्यात वाक्यातून नवा प्रसंग जन्माला येतो. (मुलंबाळं आसपास असताना हा पॉडकास्ट लावू नये, हे सांगायला यापेक्षा योग्य जागा मिळणार नाही.) उसिडोरच्या बिरुदावलीचंही तेच. एकदा म्हणून मोकळं होण्यासारखी ती गोष्ट होती. पण जादूगारानं आपली ओळख एकदा तशी करून दिली, म्हणजे मॅट यंगच्या नशिबी ती पुन्हा पुन्हा, त्याच क्रमानं, त्याच तोऱ्यात म्हणणं आलं. विनोदाची शिक्षा म्हणतात ती ही.

टोल्किननं आधी भाषा रचल्या, लिपी आखल्या, वंशावळी लिहिल्या आणि मग त्या जगात राहायला गोष्ट आणली. त्याच्या जगाचा पाया गोष्टीच्या आधीचा आहे. फूनचं उलटं. इथे आधी चेष्टा होते, मग चेष्टेला पत्ता मिळतो, मग पत्त्याला इतिहास. या मुलखाचा नकाशा कोणी काढलेला नाही. तो साचत गेला आहे. आणि साचलेलं सांभाळणं हेच या चमूचं खरं काम आहे, असं मला वाटतं. सुचणं ही शिकागोच्या शेकडो नटांना येणारी गोष्ट आहे. सुचलेलं वर्षानुवर्षं लक्षात ठेवणं आणि कोणाचाच शब्द वाया जाऊ न देणं, हे फार थोड्यांना जमतं. लेखक नसलेल्या या नाटकात स्मरणशक्तीच लेखकाची जागा घेते.

या दृष्टीनं पाहिलं की तिघांतला सगळ्यात फिका वाटणारा आर्नी डोळ्यांत भरू लागतो. नवा श्रोता साहजिकच उसिडोरवर लुब्ध होतो. त्याचा आवाज गडगडणारा, शब्द जडजवाहिराचे, आणि पराक्रम तपासायला गेलं की हाताला फारसं लागत नाही. आर्नी काय करतो? प्रश्न विचारतो. ‘म्हणजे नक्की कसं?’ ‘हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?’ ‘मग त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात ते काय होतं?’ बस्स. पण हे प्रश्न म्हणजे या मुलखाच्या पायाभरणीचे दगड आहेत. समोरचा थापाड्या हवेत महाल बांधतो आणि आर्नी अगदी निरागसपणे विचारतो की महालाचा जिना कुठून आहे. आता जिना सांगावाच लागतो, आणि सांगितला की तो कायमचा तिथे राहतो.

नीकॅम्पचा दुसरा व्यवसाय कळला की हे कौशल्य कुठून आलं याचा अंदाज येतो. शिकागोतल्या जॅकबॉक्स गेम्स या कंपनीत तो खेळ रचण्याचं आणि लिहिण्याचं काम करत आला आहे. या कंपनीचे खेळ चार पाहुणे जमले की टीव्हीसमोर बसून, आपापल्या मोबाइलवर उत्तरं टाकत खेळायचे असतात. ‘फिबेज’मध्ये खऱ्या माहितीच्या जोडीला बेमालूम थाप ठोकायची असते, ‘क्विप्लॅश’मध्ये अर्धवट वाक्याला चटकदार उत्तर द्यायचं असतं. अशा खेळात लिहिणाऱ्याची करामत उत्तरात नसते. प्रश्न असा घडवावा लागतो की ज्याला आयुष्यात कधी विनोद करता आला नाही त्या मावसोबाच्या तोंडूनही काहीतरी भन्नाट निघावं. आर्नीचे गुत्त्यातले प्रश्न त्याच टाकसाळीतले आहेत. ते बुद्धीचं प्रदर्शन करत नाहीत. समोरच्याच्या पायाखाली मोकळी जागा करून देतात आणि बाजूला सरतात. निर्मात्यांपैकी इव्हान जॅकोव्हर हाही जॅकबॉक्सशी जोडलेला. तेव्हा खेळाचे नियम किती ठेवायचे, किती सैल सोडायचे, याची समज पडद्यामागेही होती.

रिफाईचा चंट हा आर्नी आणि उसिडोर यांच्यामधला सांधा. उसिडोर फुगवतो, आर्नी विचारतो, आणि चंट दोघांच्या मधे आळसावून बसल्यासारखा असतो. मग अचानक एखादं वाक्य असं टाकतो की दोघांचीही पंचाईत. मराठी श्रोत्याला तीन आवाजांच्या अशा तोलाची सवय आहे. आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी आठवा. एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं ओढून धरायचं, तिसऱ्यानं आत शिरून गोंधळ वाढवायचा. तिथे जिव्हाळा संसारातला होता, इथे तो गुत्त्यातल्या तीन एकट्या जिवांचा आहे. आर्नी घरी जाऊ शकत नाही ही गोष्ट विनोदाच्या पोटात सतत असते. तिचा फार बाऊ केला जात नाही आणि ती पूर्ण विसरलीही जात नाही. रिफाईची हजरजबाबी दुसऱ्या सुरात ऐकायची असेल तर २०१८ पासूनचा त्याचा ‘हे रिडल रिडल’ हा पॉडकास्ट आहे. एरिन कीफ आणि जॉन पॅट्रिक कोन यांच्यासोबत तो तिथे कोडी घालतो आणि कोड्यांचा खुर्दा करतो.

चौथी खुर्ची पाहुण्याची. दर आठवड्याला कोणीतरी नवं येतं: कधी राक्षस, कधी राजकन्या, कधी गावचा एखादा किरकोळ धंदेवाईक. हे पाहुणे बहुतेक शिकागोच्या विनोदी मंचावरचे नट. पाहुणा येतो तो स्वतःच्या पात्राची एक खूणगाठ घेऊन. बाकी सगळं टेबलावर ठरतं. चांगलं ठरलं तर ते पात्र फूनचा रहिवासी होतं आणि महिन्यांनी पुन्हा उगवतं. ब्रूक ब्राइटचं ‘फ्लॉवर’ हे बोलणारं फूल घ्या. फूल म्हटल्यावर जे नाजूक, सुगंधी काही मनात येतं, त्याच्या नेमकं विरुद्ध टोकाची त्याची जीभ. टिम स्निफन हा दुसरा हुकमी माणूस: हिरवा जादूगार स्पिंटॅक्स तोच, आणि भागाच्या शेवटी श्रेयनामावली सांगणारा तो गूढ गृहस्थही तोच. श्रेयनामावली हा एरवी कान बंद करण्याचा मुहूर्त. स्निफननं तिलाच छोटं पात्र करून टाकलं. फेलिशिया डे, जस्टिन मॅकेलरॉय यांच्यासारखी बाहेरची नामवंत मंडळीही या खुर्चीवर बसून गेली आहेत. पण माझ्या मते खरी रंगत स्थानिक नटांच्या भागांत आहे. नामवंत आला की यजमान किंचित अदबीनं वागतात, आणि अदब आली की विनोदाच्या अंगात कडकपणा येतो.

फूनचे रहिवासी फावल्या वेळात काय करतात याचं उत्तर मात्र या चमूच्या कल्पनाशक्तीचा कळस म्हणावं असं आहे. आपल्याकडे कचेरीत पिचलेली माणसं शनिवारी जमून जादूगार-योद्धे व्हायचा खेळ खेळतात. तर तिथले जादूगार-योद्धे जमून ‘ऑफिसेस अँड बॉसेस’ खेळतात. बैठका, वरिष्ठ, फायली, कॉफीचं यंत्र हे त्यांचं अद्भुत. एका उलट्या फिरवलेल्या कल्पनेत दोन्ही जगांची फजिती. आपल्या सोमवारच्या बैठकीकडे पुन्हा त्याच डोळ्यांनी बघणं नंतर जरा जड जातं.

पडद्यामागच्यांबद्दल थोडक्यात. नीकॅम्प आणि जॅकोव्हर यांच्यासोबत रायन डिजॉर्जी हा तिसरा निर्माता. शीर्षकसंगीत अँडी पोलंडचं, आणि बोधचिन्ह अलार्ड लाबान यांनी काढलेलं. संगीत अद्भुतकथेचा डौल पूर्ण गंभीरपणे मांडतं. हे महत्त्वाचं आहे, कारण नंतरच्या चेष्टेला उभं राहायला एक गंभीर चौथरा लागतो. संगीतानंच डोळे मिचकावले असते तर पुढच्या साऱ्याची हवा गेली असती. शिवाय मुद्रित विनोदाला कात्री लागते. मंचावर फसलेला क्षण नटाला सोसावा लागतो; इथे तो कापता येतो. पण किती कापायचं यात खरा विवेक आहे. अडखळणं, एकमेकांच्या बोलण्यावर फुटलेलं न आवरणारं हसू, चुकलेला संदर्भ हे सगळं काढून टाकलं तर जे उरेल ते लिहिलेल्या नाटकापेक्षा फिकं असेल. या मंडळींनी अडखळणं बरंच राहू दिलं आहे. त्यामुळे तीन माणसं त्या क्षणी विचार करताहेत हे ऐकू येतं, आणि ते ऐकणं हेच अर्धं सुख आहे.

कौतुक पुरे, आता खोट. काळोखाच्या स्वामीविरुद्धची मोहीम हा या मालिकेचा म्हटला तर कणा. तो कणा वाकतो. उत्स्फूर्त विनोदाची प्रकृती आडवाटेला जाण्याची आहे आणि मोहिमेला लागतो सरळ रस्ता. त्यामुळे कथानक पुढे सरकवायचं म्हणून सरकवलेले भाग ओढूनताणून आल्यासारखे वाटतात, तर काहीच न घडणारे भाग झकास जमतात. सुरुवातीच्या काळातली शारीर थट्टा पुष्कळदा नुसती पोरकट आहे. आणि ज्या स्मरणशक्तीचं मी आत्ता एवढं गुणगान केलं, तिचाच पुढे भार होतो. शंभर-दोनशे भागांची मागची ओळख गृहीत धरून केलेले विनोद नव्या माणसाला परक्या लग्नातल्या पंगतीत बसवल्यासारखं करतात. सगळे हसताहेत, आपण वरणभात कालवतोय.

दुसरी एक मर्यादा दोष नसून प्रकृती म्हणावी अशी. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांत अद्भुताच्या आडून समाजावर धारदार भाष्य येतं. बँक, पोलीस, वर्तमानपत्र, टपाल यांची चिरफाड होते. मॅजिक टॅव्हर्न त्या वाटेला फारसा जात नाही. त्याला समाज सुधारायचा नाही, राज्यकर्त्यांना टोचायचं नाही. माणसं एकत्र बसून एकमेकांच्या थापा खऱ्या मानतात तेव्हा काय होतं, एवढंच त्याला पाहायचं आहे. हे विडंबन अद्भुतकथेवर रागावलेलंही नाही. कपाटातून नार्निया नावाच्या अद्भुत मुलखात जाणारी पुस्तकातली मुलं १९५० सालची. त्या कपाटाच्या जागी बर्गर किंग ठेवणाऱ्या माणसाचं कपाटावर प्रेम नसतं, तर त्यानं एवढी वर्षं त्या गुत्त्यात काढली नसती.

२०२० च्या साथीत आयओ थिएटर बंद पडलं आणि दुसऱ्या मालकांच्या हाताखाली २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. नटांच्या एका अख्ख्या पिढीचं घर मधल्या काळात कुलपाआड होतं. त्या दिवसांत शिकागोच्या परंपरेचा जो भाग कानांवाटे जगभर फिरत होता, त्यात या गुत्त्याचाही वाटा होता. मंचाच्या बाहेर पडून मुद्रणात गेलेल्या कलेबद्दल जुन्या मंडळींची तक्रार असते की तिची ताजी वाफ निघून जाते. तक्रार अर्धी खरी आहे. प्रेक्षकांच्या हशाची ऊब या टेबलाला मिळत नाही. म्हणूनच तिघं एकमेकांचे प्रेक्षक होतात, आणि ऐकणारा हसतोय की नाही याची त्यांना खबर नसते.

सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर पहिल्याच भागापासून. मधूनच उडी मारण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. मी देणार नाही. पहिले काही भाग कच्चे आहेत, आवाज अजून पात्रांत रुळलेले नाहीत, काही थट्टा तर साफ हुकलेल्या आहेत. पण फूनमधल्या गोष्टी पहिल्यांदा बोलल्या गेल्या तेव्हा त्या किती निष्काळजीपणे बोलल्या गेल्या, हे ऐकलेलं असल्याशिवाय पुढे त्यांचं काय झालं याची मजा कळत नाही. उसिडोरची बिरुदावली पहिल्या वेळी पूर्ण ऐका, नंतर हवं तर पुढे ढकला. फुलाच्या बोलण्याला दचकू नका. आणि आर्नीनं एखादा अगदी बावळट वाटणारा प्रश्न विचारला की जरा सावध व्हा: त्याच्या उत्तरात जे नाव, जो नियम किंवा जे नातं निघेल, ते पुढच्या कुठल्यातरी भागात तुमच्या समोर येऊन बसणार आहे.